गरम झाल्यावर ठिणगी हरवणारे इंजिन: सायकलला बसवलेल्या टू-स्ट्रोक इंजिनाच्या इग्निशन-बिघाडाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण दक्षिण महाराष्ट्रातील एका तंत्रनिकेतनाच्या कार्यशाळेत घडले. तेथील ऑटोमोबाइल कार्यशाळा मी सांभाळतो आणि या प्रकरणातल्या काही निर्णयांवर माझीच सही आहे. विद्यार्थ्यांची आणि संस्थेची नावे दिलेली नाहीत. घटनांचा क्रम आणि मापे मात्र कार्यशाळेच्या नोंदवहीतून जशीच्या तशी घेतली आहेत.

पदविकेच्या तिसऱ्या वर्षातील चार विद्यार्थ्यांनी सहाव्या सत्राच्या प्रकल्पासाठी सव्वीस इंची चाकाच्या साध्या सायकलला पेट्रोल इंजिन बसवले होते. इंजिनाचा संच ऑनलाइन मागवलेला होता: एक सिलिंडर, टू-स्ट्रोक, हवेने थंड होणारे इंजिन, हाताने दाबायचा क्लच, मागच्या चाकाला स्वतंत्र चेन आणि दांडीवर बसणारी छोटी टाकी. विक्रेत्याने त्याचा उल्लेख ८० सीसी असा केला होता. विद्यार्थ्यांनी हेड उघडून मोजले तेव्हा बोर (सिलिंडरचा आतला व्यास) ४७ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास) ३८ मिलिमीटर निघाला, म्हणजे घनफळ ६६ सीसीच्या आत. या मोजमापाचा पुढच्या बिघाडाशी संबंध नाही, परंतु खोक्यावर लिहिलेल्या आकड्यापेक्षा स्वतः मोजलेल्या आकड्यावर विश्वास ठेवावा ही सवय मुलांना तेथून लागली आणि ती पुढे कामास आली.

घनफळाचा एक कायदेशीर परिणामही होता. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २(२८) मधील व्याख्येतून चारपेक्षा कमी चाकांची आणि २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाची वाहने वगळलेली आहेत. ६६ सीसीचे इंजिन बसवलेली सायकल या सवलतीत बसत नाही, त्यामुळे नोंदणीशिवाय ती सार्वजनिक रस्त्यावर नेता येत नाही. म्हणून सर्व चाचण्या संस्थेच्या मैदानावरच्या ४०० मीटरच्या धावपट्टीवर, हेल्मेट घालून करायच्या असे पहिल्याच दिवशी ठरले. हा निर्णय नियमापोटी घेतला होता, पण प्रत्येक फेरी सारखी, सपाट आणि मोजता येण्याजोगी असल्यामुळे तपासासाठीही तो उपयोगी ठरला.

या इंजिनाची इग्निशन यंत्रणा

पुढचे सारे समजण्यासाठी ठिणगी कशी तयार होते हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. क्रँकच्या एका टोकावर एक कायमचुंबक बसवलेला असतो. तो लोखंडी पत्र्यांच्या थराने बनवलेल्या गाभ्याच्या दोन पायांमध्ये फिरतो आणि त्या गाभ्यावर केसाएवढ्या बारीक इनॅमल तारेची कॉइल गुंडाळलेली असते. चुंबक फिरला की कॉइलमध्ये उलटसुलट दिशेचा विद्युतदाब निर्माण होतो. एका दिशेचा अर्धा भाग सीडीआयच्या (कपॅसिटरमधून ठिणगी पाडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या) डब्यातील कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा घटक, काही शे व्होल्टपर्यंत भरतो. उलट दिशेचा अर्धा भाग आला की एससीआर हा इलेक्ट्रॉनिक स्विच उघडतो, कपॅसिटर एका झटक्यात त्याच डब्यातील इग्निशन कॉइलमध्ये रिकामा होतो आणि प्लगकडे हजारो व्होल्टचा धक्का जातो. बॅटरी नाही, पॉइंट नाहीत. मिनिटाला ३,००० फेऱ्या होत असतील तर हे सारे सेकंदाला पन्नास वेळा घडते.

वायरिंगही अगदी थोडे आहे. कॉइलमधून निळी आणि काळी अशा दोन वायरी सीडीआयकडे जातात. काळी इंजिनाच्या बॉडीशी जोडलेली असते. किल स्विच दाबला की निळी वायर काळीला मिळते, कॉइलची वीज बॉडीत जाते, कपॅसिटर भरत नाही आणि इंजिन थांबते. म्हणजे किल स्विचच्या वायरीचे आवरण खरडले गेले तर इंजिन कोणी न थांबवताही थांबू शकते.

तक्रार

इंजिन थंड असताना पायडल मारून क्लच सोडला की दोन-तीन मीटरमध्ये सुरू होई आणि छान चाले. बारा ते चौदा मिनिटांनी मात्र ते अचानक बंद पडे. लगेच कितीही पायडल मारले तरी सुरू होत नसे. वीस-पंचवीस मिनिटे सावलीत उभे केले की पुन्हा पहिल्याच प्रयत्नात सुरू होई, आणि पुढच्या वेळी थोडे लवकर बंद पडे.

मला ही तक्रार ज्या शब्दांत सांगितली गेली ते शब्द होते, “सर, गरम झालं की मिसिंग करतं.” हे वर्णन बरोबर नव्हते, आणि मी ते तपासून घ्यायला हवे होते. मिसिंग म्हणजे अडखळत चालणे. हे इंजिन अडखळत नव्हते. चालता चालता कोणी स्विच बंद करावा तसे एका क्षणात गप्प होत होते. पेट्रोल कमी पडल्याने बंद पडणारे इंजिन सहसा आधी आचके देते, वेग खालीवर होतो, चोक ओढला तर क्षणभर उचलते. ठिणगी गेल्याने बंद पडणारे इंजिन बहुधा तसा कोणताही इशारा देत नाही. हा फरक पहिल्या दिवशीच ध्यानात घेतला असता तर पुढचे पंधरा दिवस वाचले असते.

पहिले पंधरा दिवस

या काळात विद्यार्थ्यांनी पुष्कळ काम केले, आणि ते आळसाने केले असे कोणी म्हणणार नाही. प्लग काढून पाहिला तर तो काळा आणि तेलकट होता. नव्या इंजिनासाठी लिटरमागे ५० मिलिलिटर तेल घातलेले मिश्रण वापरत असल्याने थोडा काळेपणा अपेक्षितच होता. तरी प्लग बदलला आणि फिलर गेजने गॅप ०.६ मिलिमीटर ठेवला. फरक पडला नाही. कार्बोरेटर उघडून जेट साफ केले, आणखी दोनदा केले. टाकीच्या झाकणाचे हवेचे भोक सुईने मोकळे केले. प्लग कॅप आणि एचटी वायर (प्लगकडे उच्च दाब नेणारी) बदलली.

ठिणगीची तपासणीही झाली. प्लग बाहेर काढून, त्याची बॉडी हेडला टेकवून, मागचे चाक उचलून फिरवले की निळी, कडक आवाजाची ठिणगी पडत होती. नोंदवहीत त्या दिवशीची नोंद आहे: “करंट ओके.” मल्टिमीटरने कॉइलचा रोध मोजला तो ३५२ ओहम आला. या जातीच्या कॉइलसाठी साधारण ३०० ते ४०० ओहम हे मूल्य ठीक समजले जाते, म्हणून तेथेही “ओके” अशी नोंद झाली.

या दोन्ही नोंदी खऱ्या होत्या, तरीही त्यांच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. दोन्ही मापे सकाळी कार्यशाळा उघडल्यावर, थंड इंजिनावर घेतलेली होती. इंजिन थंड असताना ठिणगी येते हे ते सुरू होत होते यावरूनच माहीत होते. जी स्थिती बिघडतच नव्हती ती तपासून आम्ही भाग निर्दोष ठरवले.

पाचव्या-सहाव्या दिवशी एक खरा दोष सापडला. किल स्विचची वायर हँडलच्या मानेजवळ क्लॅम्पखाली दबली होती आणि हँडल पूर्ण डावीकडे वळवले की तिचे उघडे तांबे फ्रेमला लागत होते. विद्यार्थ्यांना वाटले, सापडले. मलाही तसेच वाटले. वायर बदलली, तिला स्लीव्ह चढवली, थोडा वेळ चालवून पाहिले आणि समाधानाने सायकल बाजूला लावली. दुसऱ्या दिवशी चौदाव्या मिनिटाला इंजिन बंद पडले. तो दोष होताच, दुरुस्त करणे आवश्यकही होते, पण तक्रारीचे स्वरूप त्याने समजावता येत नव्हते: दबलेली वायर हँडल वळवल्यावर त्रास देते, तिला वीस मिनिटांची विश्रांती लागत नाही.

यानंतर गटाने नवा सीडीआय मागवण्याची मागणी केली आणि मी मागणीपत्रावर सही केली. बाजारात ‘गरम झालं की बंद पडतं’ म्हटले की निम्मे लोक सीडीआय म्हणतात, आणि मीही त्याच सवयीने चाललो. नवा डबा आला, बसवला, आठ मिनिटे चालवला, इंजिन उत्तम चालले. नोंदवहीत “सीडीआय खराब होता, बदलला, प्रॉब्लेम सॉल्व्ह” असे लिहिले गेले. जे इंजिन बारा मिनिटांनंतर बंद पडते त्याची दुरुस्ती आठ मिनिटांत सिद्ध होऊ शकत नाही, हे त्या दिवशी आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आले नाही. दोन दिवसांनी मार्गदर्शक प्राध्यापकांसमोर प्रात्यक्षिक देताना तेराव्या मिनिटाला इंजिन पूर्वीसारखेच थांबले.

निर्णयाचा टप्पा

प्रकल्प सादर करायला तेव्हा नऊ दिवस उरले होते. एका विद्यार्थ्याचे म्हणणे होते की संपूर्ण इंजिन परत करून दुसरे मागवावे. दुसऱ्याचा कल पिस्टन आणि रिंगा पाहण्याकडे होता, कारण गरम झाल्यावर कॉम्प्रेशन कमी झाले तरी इंजिन सुरू होत नाही, आणि ही शंका रास्त होती. तिसऱ्याला वाटत होते की बाहेरून बॅटरी लावून मोटारसायकलची इग्निशन बसवावी. ही कल्पना मी तेथेच थांबवली. मूळ बिघाड कळला नसताना नवी यंत्रणा जोडली तर शोधायच्या जागा दुप्पट होतात.

चौथी मुलगी गटात सर्वांत कमी बोलणारी होती आणि नोंदवही तिच्याकडे असे. ती म्हणाली, “सर, दोन्ही सीडीआयवर वेळ सारखीच आली. मग ते दोघांच्याही बाहेरचं असणार ना?”

तिचे म्हणणे पूर्णपणे बरोबर होते. डबा बदलूनही तोच बिघाड, त्याच वेळेला, त्याच पद्धतीने परत आला, याचा अर्थ कारण दोन्ही वेळा जागेवर राहिलेल्या भागात होते. नवीन सीडीआयवर गेलेला पैसा निरुपयोगी ठरला नव्हता, त्यातून मिळालेली माहिती आम्ही वाचली नव्हती इतकेच. एचटी वायर, कॅप आणि प्लग आधीच बदललेले होते. इग्निशनच्या बाजूने मॅग्नेटची कॉइल, तिच्या वायरी आणि चुंबक उरले. दुसऱ्या बाजूने पेट्रोल आणि कॉम्प्रेशन उरले. एवढ्यात निवड करायची होती, आणि ती इंजिन बंद पडलेल्या अवस्थेतच करता येणार होती.

मग आम्ही ठरवले की आता एकही भाग बदलायचा नाही. इंजिन मुद्दाम बंद पडू द्यायचे आणि बंद पडल्यानंतरच्या पहिल्या दोन मिनिटांत काय कोणी पाहायचे हे आधी वाटून घ्यायचे.

मैदानावरची चाचणी

कामाची वाटणी अशी झाली. एक जण टाकीचे झाकण उघडून हवा आत ओढल्याचा आवाज येतो का ते ऐकणार, कारण झाकणाचे भोक बंद असेल तर टाकीत निर्वात होऊन पेट्रोल उतरत नाही. दुसरा हातमोजे घालून गरम प्लग काढणार आणि तो ओला आहे की कोरडा ते सांगणार. तिसरा प्लग कॅपला ठिणगी-परीक्षक लावून त्याचा क्लिप इंजिनाच्या फिनला अडकवणार. चौथी मागचे चाक उचलून फिरवणार आणि नंतर मीटर लावणार. निळ्या वायरीचा जोड आधीच सहज निघेल असा मोकळा ठेवला होता. रोध मोजताना कॉइल सीडीआयपासून सोडवलेली असली पाहिजे, नाहीतर डब्यातील घटकांमुळे आकडा फसवा येतो. घड्याळ माझ्या हातात होते.

ठिणगी-परीक्षक आम्ही कार्यशाळेतच बनवला होता: जुना प्लग, त्याचे बाहेरचे वाकडे टोक (इलेक्ट्रोड) कापून गॅप पाच मिलिमीटरच्या वर नेलेला. उघड्या हवेत ०.६ मिलिमीटरच्या गॅपमधून अशक्त ठिणगीही उडी मारते, पण सिलिंडरमध्ये दाबाखाली तीच ठिणगी पडत नाही. मोठ्या गॅपवर उडी मारणारी ठिणगी दाबाखालीही चालेल असा भरवसा ठेवता येतो. येथे दोन सावधगिरीच्या गोष्टी नोंदवतो. प्लगचे भोक उघडे असताना त्यातून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते, म्हणून परीक्षक तेथून दूर, शक्यतो भोकावर दुसरा प्लग हाताने बसवूनच लावावा. आणि एचटी वायर मोकळी लटकत ठेवून चाक कधीही फिरवू नये. ठिणगीला वाट मिळाली नाही तर ती डब्याच्या आतील इन्सुलेशन फोडू शकते.

या फेरीसाठी किल स्विचची वायर पूर्णपणे सोडून ठेवली होती, म्हणजे ती शंका कायमची मिटावी. इंजिन थांबवायची वेळ आलीच तर चोक पूर्ण ओढायचा असे चालवणाऱ्याला सांगितले होते.

मार्च महिना होता, सकाळी साडेदहाचे ऊन. सायकल धावपट्टीवर फेऱ्या घेत राहिली. तेरा मिनिटे आणि चाळीस सेकंदांनी आवाज कापला गेला. चारही मुले धावली. झाकण उघडले, हवेचा आवाज नाही. प्लग बाहेर आला तो पेट्रोलने ओला चिंब होता. परीक्षकावर चाक दहा-बारा वेळा फिरवले, एकही ठिणगी नाही. निळी वायर सोडून मीटर लावला. पडद्यावर ओएल ही अक्षरे आली, म्हणजे मोजता न येणारा रोध, म्हणजे मार्ग तुटलेला.

मीटर तसाच लावून ठेवला आणि आम्ही पाच जण त्याच्याभोवती उभे राहिलो. सात-आठ मिनिटे काही घडले नाही. मग अक्षरे गेली आणि त्यांच्या जागी ३८६ हा आकडा आला. तो हळूहळू ३८०, ३७५ असा उतरत गेला. गटातल्या एकाने न विचारता पुन्हा परीक्षक लावून चाक फिरवले, आणि पाच मिलिमीटरच्या गॅपवर निळी ठिणगी कडकन उडाली.

टेबलावरची खातरजमा

मैदानावरच्या एका चाचणीवर न थांबता कॉइल काढून टेबलावर घेतली. खोलीचे तापमान ३० अंश सेल्सिअस होते आणि रोध ३५२ ओहम. केस वाळवायच्या यंत्राने थोड्या अंतरावरून गरम हवा दिली. आकडा चढू लागला, आणि तसे होणे अपेक्षितच आहे: तांब्याचा रोध दर अंशामागे सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. ३९८ पर्यंत तो सलग चढला आणि एकदम ओएल झाला. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने कॉइलवर हलके टिचकी मारली तर आकडा क्षणभर परत येई आणि जाई.

तांब्याच्या याच गुणधर्मामुळे तुटण्याचे तापमानही काढता आले. ३० अंशांना ३५२ असलेली तार ३९८ झाली म्हणजे ती सुमारे ६५ अंशांवर पोहोचली होती. मॅग्नेटचे झाकण बंद असते, शेजारी क्रँककेसची उष्णता असते, त्यामुळे बारा-चौदा मिनिटांत कॉइल तेवढी तापणे स्वाभाविक आहे. विद्यार्थ्यांना मी हे गणित फळ्यावर करायला लावले. कॉइल स्वतःच आपला तापमापक असते, आणि एका मीटरमध्ये दोन मापे मिळतात, ही गोष्ट पुस्तकात वाचून कळते पण असे गणित स्वतः केल्यावरच मनात बसते.

दुरुस्तीचे पर्याय

नवी कॉइल मागवणे हा सरळ मार्ग होता, पण ती यायला आठ ते दहा दिवस लागणार होते आणि हातात एक आठवडा होता. शिवाय ती त्याच प्रकारच्या घडणीची असणार, तिचा जोड कसा असेल याची खात्री नव्हती. दुसरा मार्ग कॉइल पूर्ण नव्याने गुंडाळून घेण्याचा. जुनी तार उलगडताना वेढे मोजून त्याच जाडीची तार भरता येते, परंतु इतक्या बारीक तारेचे काम नाजूक असते आणि वेढ्यांत चूक झाली तर सीडीआयला मिळणारा दाब बदलतो. तिसरा मार्ग होता दोष नेमका कोठे आहे ते पाहून तेवढेच दुरुस्त करण्याचा. टिचकी मारल्यावर संपर्क परत येतो, म्हणजे तुटलेली टोके जवळजवळ आहेत; आणि अशा कॉइलमध्ये सर्वांत दुबळी जागा आतल्या वेढ्यांपेक्षा बाहेर येणाऱ्या टोकाचा जोड असते.

आम्ही तिसरा मार्ग धरला आणि त्याच दिवशी नवी कॉइलही मागवून ठेवली. दुरुस्ती फसली तर प्रकल्प बंद इंजिनासह सादर करून बिघाडाचे विश्लेषण मांडायचे, हेही मार्गदर्शकांशी बोलून ठरवले. हा शेवटचा निर्णय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यामुळे मुलांच्या मनावरचे ओझे उतरले आणि घाईने काही तरी ठोकून बसवण्याची गरज राहिली नाही.

प्रत्यक्ष दुरुस्ती

कॉइल घेऊन आम्ही कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोटार वाइंडिंग करणाऱ्या एका काकांकडे गेलो. त्यांचे रोजचे काम शेतीपंपांच्या मोटारींचे. ही कॉइल त्यांनी तळहातावर घेऊन आधी नुसती पाहिली. वरची टेप कापली, वार्निश पात्याने हळूच उचलले आणि भिंगाखाली धरून म्हणाले, “तार शाबूत हाय पोरांनो. डाख धरलाच न्हाई.”

भिंगातून प्रत्येकाने पाहिले. निळ्या वायरीच्या टोकावर डाखाचा (सोल्डरचा) एक मळकट, दाणेदार गोळा होता आणि बारीक तारेचे टोक त्यात बुडालेले दिसत होते, पण तारेभोवती केसाएवढी काळी फट होती. तारेवरचे इनॅमल पूर्ण खरवडलेच नव्हते, त्यामुळे डाख तांब्याला चिकटला नव्हता, नुसता वेढून बसला होता. थंड असताना वार्निशचा दाब टोकाला संपर्कात धरून ठेवी. गरम झाल्यावर सारे प्रसरण पावे आणि फट उघडे.

काकांनी टोकाचे इनॅमल बारीक पॉलिश पेपरने सर्व बाजूंनी काढले, तार वायरीभोवती चार वेढे गुंडाळली, ताजा डाख दिला. तो या वेळी चकचकीत आणि पसरट बसला. त्यावर एम्पायर स्लीव्ह (विद्युतरोधक नळी) चढवली, सुती दोऱ्याने जोड आणि वायर मिळून कॉइलला बांधली, म्हणजे वायर ओढली गेली तरी ताण जोडावर येऊ नये, आणि वार्निश दिले. पत्र्याच्या डब्यात शंभर वॅटचा बल्ब लावून कॉइल रात्रभर त्यात वाळवायला ठेवली.

परत बसवताना चुंबक गाभ्याच्या पायांना कोठेही घासत नाही हे हाताने क्रँक फिरवून पाहिले, स्क्रूंना न सुटणारे द्रावण लावले आणि वायर बाहेर पडते तेथे रबरी ग्रोमेट बसवले.

परिणाम

थंड रोध ३५१ ओहम आला. बसवण्यापूर्वी टेबलावर गरम हवेने तो ४२० पर्यंत, म्हणजे सुमारे ८० अंशांपर्यंत नेला. आकडा एकदाही तुटला नाही. मैदानावर किती वेळ चालवायचे हे या वेळी आधी लिहून ठेवले: मूळ बिघाडाच्या वेळेच्या चौपटीहून जास्त, म्हणजे वीस मिनिटांच्या तीन फेऱ्या, मध्ये केवळ दोन मिनिटांची विश्रांती. तिन्ही पूर्ण झाल्या. शेवटी इंजिन आम्ही किल स्विचने थांबवले आणि ताबडतोब मीटर लावला. रोध ४०५ होता. ज्या ३९८ वर पूर्वी मार्ग तुटत होता त्याच्यापुढे जाऊन कॉइल जोडलेली राहिली, आणि इंजिन चालण्यापेक्षाही मोठा पुरावा मी या आकड्याला मानतो.

प्रकल्प वेळेत सादर झाला. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी इंजिनापेक्षा नोंदवहीतील त्या दोन मिनिटांच्या पानावर अधिक प्रश्न विचारले.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत आधी माझ्या सहीबद्दल. सीडीआयच्या मागणीपत्रावर सही करताना मी एकच प्रश्न विचारायला हवा होता: इंजिन बंद पडलेले असताना कॉइलचा रोध किती आला? उत्तर “मोजला नाही” असे आले असते आणि मागणी तेथेच थांबली असती. अनुभवी माणसाला वाटेतील घटना ओळखीच्या वाटतात आणि तो मोजण्याआधी बोलतो. विद्यार्थी त्याच्या अंदाजाला निष्कर्ष समजतात. सीडीआयचा आतला भाग मल्टिमीटरने खात्रीने तपासता येत नाही, म्हणून तो बदलून पाहणे हा मार्ग चुकीचा नाही. पण त्याची पाळी जे मोजता येते ते सर्व, योग्य अवस्थेत मोजून झाल्यावरच यायला हवी.

किल स्विचच्या वायरीबाबत मी बराच विचार केला आहे. सापडलेला दोष खरा असेल तर थांबायचा मोह फार बळकट असतो. त्या वेळी गटाला असे विचारायला हवे होते की या वायरीमुळे बारा मिनिटांनीच का, आणि विश्रांतीनंतर ठीक का? तक्रारीतील वेळ आणि उष्णता या दोन्ही गोष्टींचे स्पष्टीकरण देता न येणारा दोष दुरुस्त करावा, पण शोध चालू ठेवावा.

नोंदींची पद्धतही सदोष होती. “करंट ओके” या नोंदीत वेळ नाही, तापमान नाही, इंजिन किती वेळ चालून थांबले होते ते नाही. आता कार्यशाळेच्या नोंदवहीत प्रत्येक मापासमोर ‘थंड’, ‘गरम’ आणि ‘बंद पडलेले’ असे तीन रकाने आखले आहेत, आणि रिकामा रकाना रिकामाच दिसतो. भाग बदलल्यावर किती वेळ चालवून पाहायचे तेही बदलण्यापूर्वी लिहायचे, असे ठरवले आहे.

एका गोष्टीबद्दल मात्र माझे मत अजून पक्के झालेले नाही. मैदानावर इंजिन मुद्दाम बंद पडू देण्याऐवजी पहिल्याच आठवड्यात कॉइल टेबलावर गरम केली असती तर उत्तर तासाभरात मिळाले असते. परंतु तेव्हा आम्हाला कॉइलवर संशय घ्यायला आधार नव्हता, आणि पेट्रोल व कॉम्प्रेशनच्या शंका तशाच राहिल्या असत्या. मैदानावरच्या दोन मिनिटांत तिन्ही शंकांपैकी दोन एकदम निकालात निघाल्या: ओल्या प्लगमुळे पेट्रोलची, आणि परीक्षकावर ठिणगी न आल्यामुळे कॉम्प्रेशनकडे वळण्याची. ज्याच्याकडे मोकळे, सुरक्षित मैदान नाही त्याने टेबलावरून सुरुवात करावी असे मी म्हणेन; ज्याच्याकडे आहे त्याने आधी इंजिनाला त्याच्या वेळेला थांबू द्यावे.

मागवलेली नवी कॉइल प्रकल्प सादर झाल्यानंतर चार दिवसांनी आली. मुलांनी ती खोक्यातून काढल्याबरोबर मोजली: थंड ३३८ ओहम. मग कोणी न सांगता केस वाळवायचे यंत्र आणले, आकडा ४०० च्या वर जाईपर्यंत तिला तापवली, टिचक्या मारून पाहिल्या आणि दोन्ही मापे चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी कॉइलला बांधून कपाटात ठेवली.